निळी बोटं

नोकरीत होते तोवर माझी बोटं निळी असायची. उजव्या हाताची तीन, डाव्याची दोन, पार पेरांपर्यंत. आई होती तेव्हा रोज कटकट करायची, या बोटांनी देवाच्या भांड्यांना हात लावू नकोस म्हणून. मी म्हणायची, अगं, तुझ्यापेक्षा माझी बोटं जास्त मडीत असतात. मडी म्हणजे तुमच्याकडचं सोवळं. आम्ही तंजावरची मराठी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या तमिळांत राहून त्यांचे बरेच शब्द घरात घेऊन बसलोय, त्यातला हा एक.

हे लिहितेय ते मात्र पुस्तकी मराठीत. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले आणि नंतर टपालाने मराठी मासिकं मागवून वाचत गेले. माझ्या भावंडांना यातलं एक अक्षर वाचता येणार नाही. जे लिहायचंय ते बघता, ते बरंच आहे.

मी इथल्या एका कॉलेजात, भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेक्निशियन होते. काम एकच, दगडमातीतून सूक्ष्म जीवाश्म काढायचे. जीवाश्म म्हटलं की लोकांना डायनासोरचं हाड आठवतं. आमचे जीवाश्म मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान. समुद्रात राहणाऱ्या एकपेशीय जिवांची चुन्याची कवचं, त्यांना फोरॅम म्हणतात. एखाद्या मातीत ती सापडली की समजायचं, इथे एके काळी खारं पाणी होतं. आज तिथे भाताचं शेत असो नाहीतर बस स्टँड.

ती काढायची कशी, हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. माती मंद ओव्हनमध्ये वाळवायची, वजन करायचं, आणि पहिल्याच फटक्याला अर्धी बाजूला काढून पुडीत बांधून ठेवायची. ती राखीव. काही चुकलं तर पुन्हा करता यावं म्हणून. उरलेली अर्धी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत घालायची. चिकणमाती हट्टी असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकायचं, मग ती फसफसून सुटी होते. दगड असेल तर आधी रॉकेलमध्ये मुरवायचा, रॉकेल निथळून वर पाणी घालायचं, म्हणजे तो आपोआप भुगा होतो. आम्ल मात्र चुकूनही नाही, कवचं विरघळून जातील. मग चाळणी. पितळी कड्याची, इतक्या बारीक जाळीची की घरची मैद्याची चाळणी तिच्यापुढे खिडकीची जाळी. नळाची धार बारीक ठेवून, बोटांच्या टोकांनी गोंजारत चिखल वाहू द्यायचा. शेवटी चिमूटभर वाळू उरते. ती बशीत वाळवायची, काळ्या ट्रेवर पसरायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन केसांच्या ओल्या ब्रशाने एकेक कवच टिपून डिंक लावलेल्या स्लाइडवर बसवायचं.

आता निळ्याची गोष्ट. चाळणीच्या जाळीत एखादं कवच अडकून बसतंच. घासा, आपटा, उलटी धरून नळाखाली धुवा, एखादं राहतंच, आणि ते पुढच्या नमुन्यात उतरतं. म्हणून एक नमुना संपला की चाळणी मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवायची. अडकलेलं कवच निळं होतं. पुढच्या नमुन्यात निळं दिसलं की समजायचं, हे मागच्या घरचं, याला मोजायचं नाही. पांढरं दिसलं तर ते याच मातीचं. बस, एवढंच. एका मिनिटाचं काम, पण त्याच्यावाचून सगळं व्यर्थ.

आणि या बाबतीत मी फार कडक होते. बेसिनच्या वर माझ्या हाताने तमिळमध्ये लिहिलेली पाटी होती, ‘निळ्याशिवाय चाळणी नाही’. चाळणी न बुडवता पुढचा नमुना ओतला म्हणून मी दोन विद्यार्थ्यांना रडवलं होतं. त्यातला एक तर मिशीवाला बाप्या होता.

ती मुलगी आमच्या विभागात पीएचडीला आली तेव्हा मला आनंद झाला होता, कारण ती आमच्यातली होती. ओरत्तनाडुच्याही पलीकडे, कालव्याकाठच्या एका गावात तिच्या वडिलांची भातशेती. गावात मराठी बोलणारं तेवढं एकच घर. तिला देवनागरी वाचता येत नव्हती, पण घरचं बोलणं तिच्या तोंडात चांगलं होतं. आमचे सर मदुरैकडचे. ते खोलीतून गेले की आम्ही दोघी आमच्या मराठीवर यायचो. मला अक्का म्हणायची. मी तिला ब्रश धरायला शिकवलं, आणि माझा स्वतःचा, केस झडून मनाजोगता झालेला जुना ब्रश तिला दिला.

तिच्या वडिलांनी उन्हाळी पिकासाठी शेतात बोअर मारली होती. बरंच खाली गेल्यावर करडी, चिकट माती लागली आणि तिच्याखालचं पाणी खारट निघालं. गावाने आपापली कारणं लावली, कुणी ग्रह काढले, कुणी कुलदैवताचा राहिलेला नवस काढला. वडील एकच म्हणत राहिले, इथे समुद्र होता. लोक हसायचे. बोअर बुजवायच्या आधी या पोरीने वेगवेगळ्या खोलीची माती पिशव्यांत भरली आणि गावच्या बसमध्ये मांडीवर घेऊन तंजावरला आणली. बाकीचे नमुने तिने इतर ठिकाणचेही घेतले होते, पण प्रबंधाचा जीव या करड्या मातीत होता. तिच्यात फोरॅम निघाले तर समुद्र एवढा आत आला होता हे पहिल्यांदा ती दाखवणार. नाही निघाले तर, सरांच्या शब्दांत, ‘वाळूची यादी’.

ज्या दिवशी ती करडी माती धुवायची होती त्या दिवशी तिला परीक्षेच्या हॉलवर देखरेखीला पाठवलं. मी म्हटलं, जा तू, मी धुत्यें. सकाळी मी त्याच चाळणीत समुद्रकिनाऱ्याची वाळू धुतली होती, दुसऱ्या कुणाच्या कामाची. त्या वाळूत फोरॅम नुसते भातासारखे. चाळणी घासत होते तेवढ्यात प्रिन्सिपलांचा निरोप आला. पुण्याहून काही बायका पाहुण्या आल्यात, तंजावरची मराठी ऐकायची आहे म्हणतात, बारा वाजता ऑफिसात या.

माझा जीव हरखला. आजवर त्या विभागात माझ्या मराठीला कुणी विचारलं नव्हतं. कपाटात एक तांबड्या काठाची साडी मी अडीअडचणीला ठेवलेली असायची, ती काढली. आणि मग माझी नजर माझ्या हातांकडे गेली. आदल्या शुक्रवारपासून सुट्टी होती, त्यामुळे बोटं कधी नव्हे ती स्वच्छ होती. मिथिलीन ब्लू एकदा लागला की दोन दिवस जात नाही. हातमोज्यांचा डबा आठवडाभर रिकामा होता, आणि नवे मागवायची चिठ्ठी लिहायचं काम माझंच होतं.

मी चाळणी तीनदा घासली. उलटी धरून धुतली. खिडकीशी नेऊन उजेडात धरली. काही दिसलं नाही. पुण्याच्या बायकांसमोर निळे हात घेऊन कोण जाणार! मी तिची करडी माती चाळणीत ओतली, धुतली, उरलेलं बशीत काढून ओव्हनमध्ये ठेवलं. पाटी माझ्या डोक्यावर, माझ्याच अक्षरातली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

मी साडी नेसून निघाले तर ती परीक्षेवरून परत येत होती. वाटेत फुलं घेतली होती तिने, आमच्या घरांत त्यांना पू म्हणतात. “अक्का, पू माळा की,” म्हणून मोगऱ्याच्या गजऱ्यातला अर्धा तुकडा तोडून माझ्या हातावर ठेवला आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. बांगड्या बघतेय असं मला वाटलं. मी फुलं माळली आणि पळाले.

पाहुण्यांनी मला चार वाक्यं बोलायला लावली. ‘जेवण झालें की नाही’ वगैरे. त्या खूश होऊन हसल्या, एक म्हणाली, किती गोड, अगदी जुनं! दुसरीने माझा हात हातात घेऊन फोटो काढवला. अर्ध्या तासात त्या पुढच्या गाडीने निघून गेल्या. मी मात्र त्या दिवशी घरी गेले ती जमिनीपासून वीतभर वरून.

पुढच्या आठवड्यात ती मुलगी ट्रे घेऊन बसली. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी ती जोरात ओरडली, “अक्का! या की, लौकर या!” मी डोळा लावला. काळ्या ट्रेवर तीन कवचं, गोगलगायीसारख्या वळणाची, पांढरी. तिने माझा दंड इतक्या जोरात धरला होता की संध्याकाळपर्यंत वळ राहिला. आधी मलाही भरून आलं. आणि लगेच ती न बुडवलेली चाळणी आठवली.

तेव्हा सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं. चाळणी बुडवायची राहिली गं, राखीव आहे ती धुऊन बघू. अर्ध्या दिवसाचं काम. ती रागावली असती, सर चार शब्द बोलले असते, प्रयोगशाळेत आठवडाभर माझी टिंगल झाली असती, त्या मिशीवाल्याने तर मिठाई वाटली असती. मला ती टिंगल नको होती. एवढंच कारण. मी पुष्कळ वर्षं याहून मोठं काही कारण शोधत होते, मिळालं नाही.

सर आले, त्यांनी बघितलं. पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला जो मी त्यांच्या जागी विचारला असता.

“चाळणी निळ्यात बुडवली होती?”

तिने माझ्याकडे बघितलं.

“हो सर,” मी म्हटलं.

“छान. पण तीन कवचांवर समुद्र उभा करता येत नाही. राखीव धुवा.”

शितावरून भाताची परीक्षा करतात ती घरी. शास्त्रात दुसरं शीतही दाखवावं लागतं. सरांचं बरोबरच होतं. पण माझ्या डोक्यात भलताच हिशेब सुरू झाला होता. राखीव मातीत काही निघालं नाही, तर ती तीन कवचं आली कुठून हे सगळ्यांना कळेल. किनाऱ्याच्या वाळूतून, माझ्या चाळणीतून. आणि आताच मी सरांच्या तोंडावर हो म्हणून बसले होते.

“राखीवला बुरशी लागली होती सर. टाकून दिली मी.”

तिने पुन्हा माझ्याकडे बघितलं. या वेळी जरा जास्त वेळ. विचारलं काहीच नाही. आमच्या घरांत मडीतून स्वयंपाकाला बसलेल्या बाईला धाकटं माणूस कधी विचारत नाही की तुम्ही खरंच अंघोळ केलीत का. विचारणंच पाप. त्या बाईने स्वतः सांगायचं असतं, मज विटाळ झाला, उठत्यें म्हणून. आमच्यात सगळं त्या सांगण्यावर चालतं.

पुढे तिचं काम तपासायला बाहेरचे दोघे तज्ज्ञ आले तेव्हा मी कोपऱ्यात बीकर पुसत उभी होते. एकाने शांतपणे मांडलं, राखीव नाही. चाळणी स्वच्छ होती असं टेक्निशियन सांगताहेत, आणि त्यांच्या चोखपणाबद्दल सगळ्यांची खात्री आहे. मग भेसळ झाली असेल तर ती टिपताना झाली असणार. ब्रश नाहीतर ट्रे. त्या आठवड्यात याच ट्रेवर तुम्ही किनाऱ्याची वाळू टिपली होती का?

टिपली होती. त्या दुसऱ्या कुणाला मदत म्हणून ती बिचारी दोन तास बसली होती.

“ट्रे नि ब्रश धुतले होते मी,” ती म्हणाली.

“धुतले असतील. पण ट्रेला निळं लावत नाहीत ना,” ते म्हणाले, आणि त्यात वाईट हेतू मुळीच नव्हता.

माझं खोटं नुसतं खोटं राहिलं नाही. मी चाळणीवरचा संशय उचलला आणि तिच्या ब्रशावर नेऊन ठेवला. माझ्या नावाची जेवढी पत होती तेवढी सगळी तिच्या विरुद्ध गेली. मी बीकर पुसत राहिले. तो बीकर स्वच्छ होता, अजूनही आठवतो.

सर मनाने चांगले. ते म्हणाले, गावातून पुन्हा माती आण. पण बोअर बुजवून वर बांध घातला होता, आणि पुन्हा एक बोअर फक्त मातीसाठी कोण मारणार? प्रबंधातून ते प्रकरण गळालं. मागे वाळूची यादी उरली. ती मुलगी सहा महिने येत राहिली, पण पहिल्यासारखी नाही. टिपताना एकेक कवच तीनतीनदा बघायची, आपल्याच हातावरचा विश्वास गेल्यासारखी. ते मी रोज बघत होते, माझ्या टेबलापासून चार हातांवर.

एक दिवस ती माझा ब्रश घेऊन आली. धुऊन, वाळवून, टिश्यू कागदात गुंडाळून.

“अक्का, हा तुमचा ब्रश.”

“का गं? राहू दे की.”

“पोदुम, अक्का. पुरें आता.”

ब्रश देऊनही ती दारात उभी राहिली. मला वाटलं, रडू येतंय, आवरतेय. मी म्हटलं, “परत ये. मन शांत झालें की ये.” ती मान हलवून गेली, आणि परत आली नाही.

आता राखीवबद्दल. मी ती टाकली नव्हती. टाकायला दोनदा पुडी घेऊन बाहेर कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले, हात होईना. नमुना टाकायचा नाही हे अंगात इतकं मुरलेलं, की खोटं बोलायला जीभ वळली, पण पुडी टाकायला हात वळला नाही. सगळ्यात खालच्या फडताळात फुटक्या ट्रेंच्या मागे ती सरकवून दिली. तिथे ती माझ्या निवृत्तीपर्यंत राहिली, आणि पुढेही. निवृत्तीच्या दिवशी मला शाल घातली आणि सर माझ्या चोखपणावर दहा मिनिटं बोलले. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला तर तेव्हा त्या शालीखाली घाम फुटला होता.

मागच्या वर्षी नव्या टेक्निशियन बाईंचा फोन आला. विभाग नव्या इमारतीत जाणार, जुने नमुने काढून टाकायचेत, कुठले ठेवायचे ते येऊन सांगा. मी गेले आणि सगळ्यात आधी खाली बसून ट्रे बाजूला केले. पुडी होती. सुतळी माझ्याच गाठीची, वर पेन्सिलीने तिचं अक्षर, खोलीचा आकडा. बुरशीचा मागमूसही नव्हता.

मी त्या बाईंना म्हटलं, मला दोन-तीन दिवस बेसिन नि सूक्ष्मदर्शक हवा. त्या बिचाऱ्या लगेच हो म्हणाल्या. हातमोज्यांचा भरलेला डबा पुढे केला. मी म्हटलं, नको. आणि चाळणी दोन्ही हातांनी निळ्यात बुडवली, बुडवून धरली, पाच बोटांच्या ऐवजी दहाही निळी होईपर्यंत.

माती भिजली, सुटली, धुतली. वाळली. मोतीबिंदू काढल्यापासून मला जवळचं नीट दिसत नाही, सूक्ष्मदर्शक डोळ्याशी जुळवायलाच अर्धा तास गेला. ट्रेच्या पहिल्या ओळी नुसत्या वाळूच्या. मग दोन कवचं दिसली, निळी. कुठल्यातरी आधीच्या नमुन्याची, चाळणीत लपून राहिलेली. पुढच्या ओळीत एक पांढरं. मग आणखी एक. तिसऱ्या दिवशी उठले तेव्हा स्लाइडवर चार अखंड होती आणि एक फुटकं. सगळी पांढरी. गोगलगायीच्या त्याच वळणाची.

मला आनंद व्हायला हवा होता. चाळणी बहुतेक स्वच्छच होती. ब्रशही स्वच्छ होता. तिच्या वडिलांचं खरं होतं, तिचं खरं होतं. मी त्या दिवशी ते एक वाक्य बोलले असते, तर माझ्या चुकीने कुणाचंही काहीच बिघडलं नसतं. उलट राखीव धुतल्याने तिचंच पक्कं झालं असतं. जे बिघडलं ते मी चुकल्यामुळे नाही, मी लपवल्यामुळे. मी तिथेच स्टुलावर बसून रडले. नव्या बाईंनी पाणी आणून दिलं, आणि वय झालेल्या बायका अशाच रडतात असं समजून दुसऱ्या खोलीत गेल्या.

ती आता तिरुवैयारुला एका शाळेत विज्ञान शिकवते, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं चौकशी करत होते, तेराच किलोमीटरवर असून गेले नव्हते. रविवारी सकाळी मी स्लाइड डबीत घालून, रुमालात गुंडाळून, बस धरली. मांडीवर डबी धरून बसले आणि एकदम आठवलं, तीही अशीच आली होती, मातीच्या पिशव्या मांडीवर घेऊन.

दार तिनेच उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेत. “या की, अक्का,” म्हणाली, जणू मी मागच्याच आठवड्यात येऊन गेले होते. पुढच्या खोलीत वडील आरामखुर्चीत, खूप थकलेले, कानाने जवळजवळ गेलेले. तिने कॉफी आणली. मी टंबलरला हात लावला नाही. आधी सगळं सांगितलं. किनाऱ्याची वाळू, पुण्याचे पाहुणे, साडी, बुरशी, फडताळ. एकदाही न थांबता, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. मग डबी उघडून पुढे ठेवली.

ती खिडकीशी गेली. शाळेतलं भिंग आणलं. पुष्कळ वेळ बघत होती. तिची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे तोंड दिसलं नाही. मग ती वडिलांच्या कानाशी वाकली आणि शाळेतल्या आवाजात ओरडली.

“अप्पा! आपल्या शेतांत समुद्र होता! निघालें यांत!”

म्हाताऱ्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“होताच की,” ते म्हणाले. “पाणी चाखलें होतें मी.”

ती हसली. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, सरांना लिहिते, विद्यापीठालाही लिहिते, सगळं, माझ्या सहीने. तुझा ब्रश स्वच्छ होता हे कुठेतरी कागदावर यायला हवं.

“लिहा,” ती म्हणाली. नको वगैरे म्हणाली नाही. त्या एका शब्दाने मला बरं वाटलं, आणि त्याहून जास्त कळलं की तिला ते हवं होतं.

फाटकापर्यंत ती सोडायला आली. तंजावरची बस लांबून दिसत होती. तिने माझे दोन्ही हात हातात घेतले आणि उलटेसुलटे करून बघितले, तशीच, जशी त्या दिवशी बघत राहिली होती. दहाही बोटं निळी.

“त्या दिवशीं पू देतांना पाहिलें मी, अक्का,” ती म्हणाली. “बोटं स्वच्छ होतीं.”

“मग विचारलें कां नाहीस गं मज?”

“तुम्हांस कसें विचारायचें? तुम्ही सांगाल म्हणून राहिल्यें.”

“कधीपर्यंत?”

“ब्रश दिला की मी तुमच्या हातांत. तोंवर,” ती म्हणाली, आणि माझे हात सोडून तिने येणाऱ्या बसला हात केला.